नोकरीतले काम दाखवता येत नसेल, तर पोर्टफोलिओत काय ठेवावे?

गोदाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार.

मी संगणकशास्त्रात बी.एस्सी. केले असून सध्या नाशिकमधील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि मालसाठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणाली तयार करणे हे आमच्या कंपनीचे मुख्य काम आहे. मी प्रामुख्याने लाराव्हेल (सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिण्याची चौकट) आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर काम करतो. अलीकडे वापरकर्त्याला दिसणाऱ्या काही स्क्रीन रिॲक्टमध्येही केल्या आहेत. आता पुण्यातील, स्वतःचे उत्पादन असलेल्या एखाद्या कंपनीत जावे असा विचार आहे आणि तिथल्या बहुतेक अर्जांत गिटहबची (कोड साठवून इतरांना दाखवण्याच्या संकेतस्थळाची) किंवा पोर्टफोलिओची (केलेल्या कामांच्या संग्रहाची) लिंक मागितलेली असते.

अडचण अशी आहे की, मी जे खरे काम केले ते सर्व कंपनीच्या खासगी रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) आहे आणि रुजू होताना सही केलेल्या करारानुसार ते बाहेर दाखवता येत नाही. माझ्या स्वतःच्या गिटहब खात्यावर कामांची यादी ठेवणारे ॲप, हवामान दाखवणारे ॲप आणि एका प्रसिद्ध खरेदी-संकेतस्थळाची नक्कल एवढेच आहे; ही तिन्ही व्हिडिओ पाहून शिकत असताना केलेली आहेत. अर्जांना उत्तर येत नाही, तेव्हा कारण पोर्टफोलिओ आहे की आणखी काही, हेही कळत नाही.

भरती करणारे लोक ही लिंक खरोखर उघडून पाहतात का, पाहत असतील तर नेमके काय पाहतात, किती प्रकल्प असावेत आणि कार्यालयातील अनुभव करार न मोडता कसा मांडावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कऱ्हाडकर यांचा प्रतिसाद

मी पुण्यात आमच्या संघासाठी उमेदवारांच्या तांत्रिक मुलाखती घेतो, त्यामुळे लिंक उघडल्यावर काय होते ते सांगू शकतो. पहिल्या चाळणीत बहुधा कोणीच ती उघडत नाही. तिथे रेझ्युमेवरील अनुभव आणि तंत्रज्ञाने पाहिली जातात. मुलाखतीला बोलवायचे की नाही असा प्रश्न दोन-चार उमेदवारांबाबत उरतो तेव्हा मात्र मी लिंक उघडतो आणि त्या वेळी माझ्याकडे काही मिनिटेच असतात. एका प्रकल्पाचा रीडमी (ओळख करून देणारी फाइल) वाचायचा, चालू असलेले ॲप उघडून पाहायचे, कमिटांची (कोडमधील बदलांच्या नोंदींची) यादी खालपर्यंत नजरेखालून घालायची आणि एखादी महत्त्वाची फाइल उघडून नीट वाचायची, एवढेच मी करतो. इतर मुलाखतकार थोडे वेगळे करत असतील, पण यापेक्षा फार जास्त वेळ कोणाला मिळत असेल असे वाटत नाही.

आता तुमच्या तीन प्रकल्पांविषयी. ते शिकण्यासाठी योग्यच होते, परंतु त्यांतले सगळे निर्णय व्हिडिओ करणाऱ्याने घेतलेले आहेत. तक्ते कसे आखायचे, चूक आली तर काय दाखवायचे, कोणती गोष्ट मुद्दाम टाळायची, हे तुम्ही ठरवलेले नाही आणि मला तर तेवढेच पाहायचे असते. ते तिन्ही प्रकल्प खासगी करून टाका किंवा निदान प्रोफाइलवर ठळकपणे लावलेल्यांतून (पिन केलेल्यांतून) काढा. गिटहबवर ६ रिपॉझिटरी पिन करता येतात, म्हणून सहाही जागा भरल्याच पाहिजेत असे नाही. दोन पुरेशा आहेत. एक असली आणि ती पूर्ण असली तरी चालेल.

विषय तुमच्या आसपासचा निवडा. तुम्ही नाशिकला आहात, तेव्हा कांद्याचेच उदाहरण घेतो. केंद्र सरकारच्या डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांचे दैनंदिन दर एपीआयद्वारे (एका प्रणालीने दुसरीला थेट माहिती देण्याच्या सोयीद्वारे) मिळतात. प्रत्येक नोंदीत बाजाराचे नाव, शेतमाल, जात आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतो. ‘माझ्या तालुक्यापासून गाडीभाडे वजा जाता कोणत्या बाजारात कांदा नेणे परवडेल’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देणारे पान करायला घेतले, तरी पहिल्याच आठवड्यात खरे प्रश्न समोर येतात. त्या माहितीत लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशी वेगवेगळी नावे दिसतात. घाईत असलेला विकसक ती एकाच नावाची तीन रूपे समजून एकत्र करील; प्रत्यक्षात निफाड आणि विंचूर ही त्याच समितीची स्वतंत्र उपबाजार आवारे आहेत आणि तिथले दर वेगळे असू शकतात. सणामुळे किंवा व्यापाऱ्यांच्या संपामुळे लिलाव झाले नाहीत, तर त्या दिवसाची नोंदच नसते. अशा दिवशी आलेखात शून्य दाखवले, तर भाव कोसळला असा अर्थ होतो. रेषा तोडून ‘लिलाव नाही’ असे लिहिले, तर पाहणाऱ्याला खरे ते कळते. हा बारकावा तुमच्या कोडमध्ये आणि रीडमीमध्ये दिसला, तर त्या उमेदवाराशी बोलायची इच्छा मला नक्की होईल.

रीडमी साध्या इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा मराठी असेलच असे नाही. पहिल्या दोन ओळींत हे कोणासाठी आहे आणि काय करते ते सांगा, लगेच खाली चालू ॲपची लिंक आणि एक चित्र द्या, मग तुम्ही घेतलेले दोन-तीन निर्णय कारणांसह लिहा आणि शेवटी काय अपुरे आहे तेही लिहा. प्रकल्प स्वतःच्या संगणकावर चालवण्याच्या पायऱ्या नव्या संगणकावर एकदा करून पाहिल्याशिवाय लिहू नका. कमिटचा संदेश नुसता ‘अपडेट’ किंवा ‘फिक्स’ असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘किमान दर कमाल दरापेक्षा जास्त असलेल्या नोंदी बाजूला ठेवल्या’ अशा अर्थाचा संदेश वाचला, की हा माणूस माहिती तपासून घेतो हे समजते.

चालू लिंकविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. ॲप इंटरनेटवर चालू ठेवणाऱ्या हेरोकू या सेवेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत योजना बंद केली, तेव्हा अनेकांच्या पोर्टफोलिओतील लिंक एका फटक्यात मृत झाल्या. आज रेंडरसारख्या सेवेवर मोफत ठेवलेले ॲप १५ मिनिटे कोणी आले नाही की बंद होते आणि पुन्हा सुरू व्हायला सुमारे मिनिटभर घेते. मुलाखतकार तेवढा वेळ पांढऱ्या पडद्याकडे पाहत थांबत नाही. बाजारभावाची माहिती बदलते दिवसातून एकदा, त्यामुळे तिला सतत चालणारा सर्व्हर लागतच नाही. गिटहब ॲक्शन्सने (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या गिटहबच्या सोयीने) रोज एकदा माहिती आणावी, स्थिर पाने तयार करावीत आणि ती गिटहब पेजेसवर (स्थिर पाने दाखवणाऱ्या त्याच्याच सेवेवर) ठेवावीत. खर्च शून्य आणि पान लगेच उघडते. मात्र सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीही हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकाने चालणारी कामे गिटहब आपोआप थांबवते, हे लक्षात ठेवा. सर्व्हर का घेतला नाही, हे कारण रीडमीत दोन वाक्यांत मांडले तर तोही एक चांगला निर्णय म्हणून वाचला जातो.

अर्धविराम यांचा प्रतिसाद

कऱ्हाडकर यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु प्रश्नाचा अधिक अवघड भाग कार्यालयीन कामाचा आहे आणि माझ्या मते गोदाकाठ यांचे खरे भांडवलही तिथेच आहे. बिलिंगचे काम अनेकांना कंटाळवाणे वाटते. ते नीट केलेल्या माणसाला पैसा, कायदा आणि एकाच वेळी काम करणारे अनेक वापरकर्ते या तिन्हींशी झुंजावे लागलेले असते.

प्रथम कायद्याविषयी. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो आणि संगणक-प्रणाली या कायद्यात ‘साहित्यकृती’ म्हणून धरली जाते. म्हणजे करारात गोपनीयतेचा शब्दही नसता, तरी तो कोड तुमचा ठरला नसता. तेव्हा कंपनीच्या फाइली, तक्त्यांची रचना, ग्राहकांची नावे, स्क्रीनची छायाचित्रे यांपैकी काहीही बाहेर आणू नका आणि चलांची (व्हेरिएबलची) नावे बदलून तोच कोड आपल्या नावावर टाकण्याचा विचारही करू नका. नोकरीत असताना स्वतःचे प्रकल्प करण्यावर काही बंधन आहे का, तेही करारात वाचून घ्या. शंका असेल तर वरिष्ठांकडून ई-मेलवर परवानगी मागा. मी स्वतः ती मागितली होती आणि विनाअडथळा मिळाली.

कोड कंपनीचा असला तरी त्यामागची समस्या कोणाच्या मालकीची नसते. एकच उदाहरण सविस्तर देते, कारण ते तुमच्या क्षेत्रातले आहे.

वस्तू व सेवा कराच्या केंद्रीय नियमांतील नियम ४६ प्रमाणे करबीजकाचा अनुक्रमांक सलग असावा लागतो, तो १६ वर्णांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्या आर्थिक वर्षात तो एकमेव असावा लागतो. नवखा विकसक यासाठी मायएसक्यूएलचा आपोआप वाढणारा क्रमांक वापरतो. बिल साठवताना मध्येच काही बिघडले आणि ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून एकच धरलेले बदल) मागे फिरवावे लागले, तर मायएसक्यूएलमधील माहिती साठवणारा इनोडीबी हा भाग तो वापरलेला क्रमांक परत देत नाही. १०४ नंतर थेट १०६ येतो आणि वर्षअखेरीस व्यापाऱ्याचा लेखापाल १०५ क्रमांकाचे बिल कुठे आहे असे विचारतो. दुसरा विकसक आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक शोधून त्यात एक मिळवतो. दुकानात एकच संगणक असेपर्यंत ते ठीक चालते. दोन काउंटरवरून एकाच क्षणी बिले निघाली, की दोघांनाही तोच क्रमांक मिळतो. टिकणारा उपाय असा की, आर्थिक वर्ष आणि मालिका यांनुसार शेवटचा क्रमांक एका वेगळ्या तक्त्यात ठेवावा, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ लॉक करून क्रमांक वाढवावा आणि बिल मागे फिरले तर क्रमांकही त्याच्याबरोबर मागे फिरावा. याची किंमत म्हणजे त्या मालिकेतील बिले एकामागून एकच साठवली जातात. म्हणून क्रमांक घेण्याची पायरी अगदी शेवटी ठेवायची, जेणेकरून लॉक क्षणभरच राहील. रद्द केलेले बिल पुसायचे नाही, त्याचा क्रमांक ठेवून त्यावर ‘रद्द’ अशी नोंद करायची. १ एप्रिलला मालिका नव्याने सुरू होते, तेव्हा ३१ मार्चच्या रात्री बारानंतर साठवलेले बिल कोणत्या वर्षात जाईल, हे बिलावरच्या तारखेने ठरवायचे की साठवण्याच्या वेळेने, याचाही निर्णय आधी घ्यावा लागतो.

एवढाच भाग असलेली एक लहान रिपॉझिटरी करा. त्यात रंगीत स्क्रीन नको, दुकानाचे बोधचिन्ह नको. कृत्रिम माहितीवर चालणारी एक चाचणी ठेवा, जी एकाच वेळी पन्नास बिले साठवायला सोडते, त्यांतली काही मुद्दाम पाडते आणि शेवटी अनुक्रमांकांत खंड किंवा पुनरावृत्ती नाही ना, हे तपासते. चुकीच्या दोन पद्धतीही त्याच ठिकाणी ठेवून त्या चाचणीत नापास होताना दाखवा. नियम सर्वांना उपलब्ध आहे, डेटाबेसचे वर्तन त्याच्या दस्तऐवजांत लिहिलेले आहे, त्यामुळे तुमच्या कंपनीचे काहीही उघड होत नाही. तरीही वाचणाऱ्याला कळते की या माणसाने हे प्रत्यक्षात हाताळलेले आहे, कारण असा प्रश्न शिकवणीच्या व्हिडिओतून सुचत नाही.

रेझ्युमेमध्ये नोकरीच्या कामाविषयी दोन-तीन पूर्ण वाक्ये पुरतात. कोणत्या प्रकारच्या ग्राहकांसाठी काम केले, त्यात तुमचा वाटा कोणता, कोणती अडचण सोडवली आणि परिणाम काय झाला, हे ग्राहकाचे नाव न घेता लिहिता येते. वाटा मात्र प्रामाणिकपणे लिहा. संघाने केलेल्या कामाला ‘मी केले’ म्हटले, तर मुलाखतीतील तिसऱ्या प्रश्नालाच ते उघडे पडते.

गोदाकाठ यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बिलाच्या सलग क्रमांकाचा प्रश्न मी रोज पाहतो, पण तो दाखवण्याजोगा आहे हे कधी मनात आले नव्हते. तिथूनच सुरुवात करीन आणि बाजारभावाचे काम त्यानंतर घेईन.

आणखी तीन शंका आहेत. स्वतःचे वेगळे संकेतस्थळ आवश्यक आहे का? मुक्तस्रोत (कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पांत योगदान दिल्याचा किती उपयोग होतो आणि ते कुठून सुरू करावे? आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची मदत घेऊन लिहिलेला कोड पोर्टफोलिओत ठेवणे योग्य मानले जाते का?

उत्तररात्र यांचा प्रतिसाद

पहिल्या दोन शंकांवर लिहितो. तिसरीवर मुलाखत घेणाऱ्यांनीच सांगावे.

तुम्ही सर्व्हरच्या बाजूचे काम शोधत असाल तर स्वतंत्र संकेतस्थळ नसले तरी काही बिघडत नाही; गिटहबवर आपल्या वापरकर्तानावाचीच रिपॉझिटरी करून तिच्यात रीडमी ठेवला, की तो प्रोफाइलच्या माथ्यावर दिसतो आणि तेवढा परिचय पुरतो. रिॲक्टचे काम हवे असेल तर मात्र संकेतस्थळ हाच तुमच्या कामाचा पहिला नमुना ठरतो. ते एका पानाचे असू द्या, साध्या मोबाइलवर उघडून पाहा आणि मजकूर व पार्श्वभूमी यांतील रंगभेद किमान ४.५ ला १ एवढा आहे ना ते तपासा. सुलभतेच्या निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी तेवढी अट आहे. ‘जावास्क्रिप्ट ९० टक्के’ अशा पट्ट्या लावू नका. ९० टक्के कशाचे, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

मुक्तस्रोताचा उपयोग खूप होतो, कारण तिथे अनोळखी माणसाने तुमचा कोड तपासून स्वीकारलेला असतो आणि ती चर्चा सर्वांना वाचता येते. परंतु संख्येच्या मागे लागू नका. २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाच्या उपक्रमातील टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एखादा शब्द बदलून पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) एवढा पूर आणला, की आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः सहभागी होतील त्यांचीच योगदाने मोजावी लागली. तुमच्या पार्श्वभूमीला ईआरपीनेक्स्ट हा प्रकल्प अगदी जवळचा आहे. तो मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने उभा केला, जीपीएल परवान्याखाली खुला आहे आणि त्यात बीजक, साठा, हिशेब हेच सगळे आहे. पायथनमध्ये असल्यामुळे थोडा वेळ लागेल. पण एखादी नोंदवलेली त्रुटी स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून दाखवणे आणि ती घडवण्याच्या नेमक्या पायऱ्या लिहिणे, हेही मोलाचे योगदान मानले जाते आणि त्यासाठी भाषेवर प्रभुत्व लागत नाही.

बाजारभावाच्या पानावर मराठी शोध देणार असाल, तर एक गोष्ट आवर्जून हाताळा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवलेला सापडतो. काही कळफलक नुक्ता असलेला ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात; शोधात मात्र एक रूप लिहिले की दुसरे सापडत नाही आणि युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. साठवताना आणि शोधताना दोन्हींचे एकाच रूपात परिवर्तन करणारे छोटे फंक्शन लिहा, त्याच्या चाचण्या लिहा आणि ते वेगळे पॅकेज म्हणून एमआयटी परवान्याखाली प्रसिद्ध करा. परवान्याची फाइल विसरू नका, कारण परवानाच नसेल तर कोड सर्वांना दिसत असूनही इतरांना तो वापरण्याचा हक्क मिळत नाही. मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतो, त्यामुळे असे पॅकेज खरोखर वापरले जाण्याची शक्यता आहे आणि आपल्या भाषेसाठी असे काम होणे मला फार गरजेचे वाटते.

कऱ्हाडकर यांचा प्रतिसाद

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आमच्या संघाची पद्धत सांगतो. साधन वापरले म्हणून आम्ही कोणाला नाकारत नाही, कारण कामावर आम्हीही ती वापरतो. मुलाखतीत उमेदवाराच्याच रिपॉझिटरीतील एक फाइल उघडतो आणि विचारतो की, ही ओळ काढली तर काय होईल, इथे ट्रान्झॅक्शन याच ठिकाणी का सुरू केले, ही चाचणी कोणत्या परिस्थितीत खोटा दिलासा देईल. ज्याने कोड समजून घेतला आहे तो थोडे अडखळला तरी विचार करून उत्तर देतो. ज्याने नुसता चिकटवला आहे त्याला स्वतःचीच फाइल अनोळखी वाटते आणि ते दोन मिनिटांत दिसते. संपूर्ण प्रकल्प एकाच कमिटमध्ये येऊन पडला असेल, तर अशी शंका आधीपासूनच मनात असते. म्हणून साधनाची मदत कुठे घेतली ते रीडमीत एका वाक्यात लिहा आणि तुम्हाला फळ्यावर समजावून सांगता येणार नाही असा एकही भाग ठेवू नका. अर्धविराम यांनी सुचवलेला प्रकल्प या दृष्टीने उत्तम आहे. तो लहान आहे, त्यामुळे त्यातील प्रत्येक ओळ तुमच्या हाताखालून जाईल.

शेवटी एक तांत्रिक सूचना, कारण बाजारभावाच्या एपीआयसाठी तुम्हाला नोंदणी करून किल्ली घ्यावी लागेल. ती किल्ली किंवा डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला आणि गिटहब ॲक्शन्ससाठी ती रिपॉझिटरीच्या सेटिंगमधील गुप्त चलांत ठेवा. चुकून ती कमिट होऊन वर गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये फाइल पुसून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती तशीच राहते आणि कोणीही मागे जाऊन वाचू शकतो. अशा वेळी आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्यायची आणि इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतर करायचे.